भरलं वांगं आणि पाकाचा वाद

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांच्या परमाणूंपर्यंत आलो होतो. उठताना एका ताईंनी विचारलं, "सर, याचा आमच्या स्वयंपाकाशी काही संबंध आहे का?" प्रश्न थट्टेचा असेल, पण तो नेमक्या जागी लागला. आजचा आपला विषय आहे 'पाक', म्हणजे उष्णतेने वस्तूत होणारा बदल. जुने ग्रंथ इथे कुंभाराच्या भट्टीतला घट घेतात. आपण कर्जतच्या बाजारातली वांगी घेऊ. जेवणाचा बेत असा: भरलं वांगं, मसालेभात आणि ओल्या खोबऱ्याची चटणी.

चार माणसांना लहान, कोवळी ८ वांगी पुरतात. देठ ठेवायचा, त्यावरचे काटे काढायचे आणि खालच्या टोकाकडून अधिक चिन्हासारख्या दोन चिरा द्यायच्या. चिरा देठाच्या अलीकडे थांबल्या पाहिजेत. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर गर काळा पडतो. भरायला कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण, अर्धी वाटी दाण्याचं कूट, २ चमचे गोडा मसाला, तिखट, हळद, मीठ, थोडा चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. जाड बुडाच्या कढईत फोडणी करून वांगी एकेक मांडायची, वर ताट झाकून त्या ताटात पाणी घालायचं. वाफ वर जाते, गार ताटाला लागते आणि थेंब होऊन परत खाली पडते. म्हणून खाली करपत नाही. मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. रसाला पाणी लागलंच तर ताटातलंच गरम पाणी ओतायचं. डाव घालून ढवळायचं नाही, वांगी फक्त हलक्या हाताने उलटायची.

आता झाकण काढल्यावर काय बदललेलं दिसतं? जांभळा रंग तपकिरी झाला, तुरट चव गेली, कच्चा वास गेला, घट्टपणा जाऊन मऊपणा आला. रूप, रस, गंध, स्पर्श. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पृथ्वीद्रव्याचे नेमके हेच चार गुण पाकाने उपजणारे म्हणून सांगतो. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण पुढे सुरू होतं.

वैशेषिक विचारतात: आतल्या कणाला उष्णता लागली कशी? वस्तू घट्ट जोडलेली असेल तर अग्नी आत शिरणार नाही. म्हणून भट्टीत घट परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचे गुण बदलतात आणि त्यांच्यातून नवा लाल घट तयार होतो. हे सगळं इतकं झटपट घडतं की आपल्याला कळत नाही. पीलू म्हणजे परमाणू, म्हणून हा पीलुपाकवाद. (या सगळ्याला नऊ क्षण लागतात, दहा की अकरा, यावरही पंडितांनी वाद घातले. शिजायला तेवढा वेळ होताच म्हणायचा.)

नैयायिक म्हणतात, एवढी मोडतोड कशाला? घटाला सूक्ष्म छिद्रं असतात. नसती तर माठ बाहेरून ओला का झाला असता? त्या वाटांनी उष्णता आत जाते आणि अख्खा घट अख्खाच राहून बदलतो. पिठर म्हणजे भांडं, म्हणून हा पिठरपाकवाद. शिवाय घट खरंच सुटला असता तर त्याच्यावर रचलेले दुसरे घट कोसळले असते. आणि भट्टी उघडल्यावर आपण 'हा तोच घट' असं ओळखतो. या ओळखीला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात.

वांगं नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतं असं आम्हाला वाटतं. त्याचा गर स्पंजासारखा हवेने भरलेला असतो. म्हणून तर ते एवढं तेल पितं. शिजताना ती हवा निघते, गर बसतो आणि मसाला आत मुरतो. देठ धरून उचललं तर चार फाका एकत्र येतात. आजचं रसायनशास्त्र मात्र दोघांनाही पूर्ण गुण देणार नाही. अणू बदलत नाहीत, त्यांची जुळणी बदलते.

चटणीचं प्रकरण वेगळं. खोबरं, मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. पाट्यावर वरवंटा फिरला की खोबऱ्याचा तुकडा तुकडा राहत नाही. इथे अग्नी नाही, पाक नाही, पण नाश आहे. वास घेऊन आपण 'यात कोथिंबीर आहे' म्हणतो. 'ही तीच काडी' असं म्हणत नाही.

भाताला कर्जतमध्ये थोडा मान द्यायला हवा. इथल्या कृषी संशोधन केंद्राच्या जाती कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-१८४ अशा गावाच्याच नावाने शेतात जातात. मसालेभाताला तांदूळ धुऊन निथळायचे, तोंडल्यांबरोबर फोडणीत परतायचे आणि वाटीला २ वाट्या उकळतं पाणी घालायचं. जुना तांदूळ थोडं जास्त मागतो. दाणा मोकळा हवा. ताटातला भात ही एक वस्तू नाही, ती रास आहे. सेना आणि वन यांच्यावरून न्यायसूत्रांत झालेली चर्चा याच जातीची.

तांदळावरून आठवलं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. अनेक घरांत आडनावाबरोबर तिचं स्वतःचं नावही त्या दिवशी बदललं जातं. हा सरळ पीलुपाकवाद झाला: आधीची सुटली, नवी घडली. आम्हाला तो पटत नाही. तिला सासरची आच लागते, रंग बदलतो, चिंचेच्या जागी आमसूल घालायला ती शिकते. पण माहेरी शिकलेला हात तिच्याबरोबर आलेला असतो आणि त्याच हाताने ती वांगं भरते. वीस-पंचवीस वर्षं जे नाव ऐकून ती मागे वळून बघत होती, ते पुसायची गरज कोणाला होती, हे विचारायला हवं.

यावर कोणी म्हणेल, नाव राहिलं म्हणून माणूस तोच राहिला, हे तरी कशावरून? हा आक्षेप बौद्धांचा आहे आणि तो भारी आहे. दिव्याची ज्योत रात्रभर एकच वाटते, कापून पुन्हा वाढलेले केस 'तेच' वाटतात, म्हणून ओळख हा पुरावा नव्हे, असं ते म्हणतात. नैयायिकांनी त्यांना काय उत्तर दिलं, ते आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.