शेतीसाठी जुनी जीप निवडताना

शेतकामासाठी जुनी डिझेल जीप घेताना आपण रंगाला भुलू नये. महिंद्राच्या एम. एम. ५४० ह्या जीपचे २११२ घन सेंटिमीटरचे एंजिन जुने झाले तरी दुरुस्त करता येते. गंजाने पोखरलेली चॅसी मात्र धोक्याचीच. किनाऱ्यावरील खारी हवा लोखंड खाते. म्हणून ट्रॉली जोडण्याच्या हुकाजवळची जागा प्रथम वाकून पाहावी. मग थंड एंजिन सुरू करावे. निळा धूर वंगणतेल जळत असल्याची, तर काळा धूर हवा अपुरी किंवा डिझेल अधिक असल्याची खूण होय. चारही चाकांना गती देणारा दांडा टाकून गाडी चिखलातून चालवून पाहावी. शेवटी ब्रेक. चढावर ओढलेली भरली ट्रॉली उतारावर गाडीलाच मागून ढकलते. म्हणून ब्रेक व चॅसी धड नसतील, तर स्वस्तातला सौदाही सोडावा, असे आम्हांला वाटते.