संगणकाचा ताप आणि पाण्याचा उतारा

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रावरून जाताना, संच चालू असले म्हणजे, शीतक मनोऱ्यांतून पांढरे लोट वर चढताना दिसतात. पुष्कळांना तो धूर वाटतो. तो धूर नव्हे. वाफेचे पुन्हा झालेले पाण्याचे बारीक कण ते. यंत्रातील उष्णता पाण्याने उचलावी, ते पाणी मनोऱ्यात वरून खाली पाझरावे, त्यातील थोडे वाफ होऊन उडून जावे आणि जाता जाता उरलेल्याला निववून जावे, अशी ती योजना आहे. उडून गेलेले पाणी रोज नव्याने भरावे लागते. म्हणूनच २०१३ च्या फेब्रुवारीत, आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत, यंत्रे जागच्या जागी उभी असूनही पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. बीड जिल्ह्यातील माणसाला ही कथा नव्याने सांगावयास नको.

ती आठवण आज काढण्याचे कारण निराळे आहे. आमच्या परिचयातील काही तरुणांनी घरच्या संगणकाला ‘पाण्याचे कूलिंग’ बसविण्याचा घाट घातला आहे, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. विजेच्या यंत्रात पाणी घालणे हा शहाणपणा आहे काय? आणि जेथे उन्हाळ्यात प्यावयाचे पाणी टँकरने येते, तेथे ही चैन परवडेल काय? दुसरा प्रश्न आधी निकालात काढू. संगणकातील पाणी मोटारीच्या रेडिएटरमधील पाण्यासारखे बंद नळ्यांतून फिरत राहते. परळीप्रमाणे ते रोज भरावे लागत नाही, आणि सारे मिळून एखाद्या तांब्यात मावेल इतकेच असते. तेव्हा टँकरची चिंता नको. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतक्या सहजी देता येत नाही.

प्रोसेसर म्हणजे संगणकाची सारी आकडेमोड करणारा, नखाएवढा सिलिकनचा तुकडा. घरगुती यंत्रात तो साधारणतः ६५ वॅट वीज घेतो. भारी जातीचा असेल तर २०० वॅटच्याही वर. ही सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याला चुकून बोट लागले म्हणजे काय होई, हे ज्यांना आठवते त्यांनी तसे तीन दिवे नखाएवढ्या जागेत कल्पावेत. तापमान ९५-१०० अंशांपर्यंत गेले की हल्लीचा प्रोसेसर आपण होऊन काम मंद करतो, आणि तेवढ्यानेही न भागले तर यंत्र बंद पाडतो.

आता पाणी ही उष्णता नाहीशी करते असा जो समज आहे, तो चुकीचा आहे. पाणी हा केवळ हमाल होय. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता ते उचलते, हे खरे. परंतु ओझे शेवटी उतरवते ते खोलीतल्या हवेतच. माठातले पाणी गार होते ते पाझरून उडते म्हणून. येथे उडण्याला वावच नाही. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील, तर नळीतले पाणी ४० च्या खाली कदापि येणार नाही, मग त्यासाठी कितीही पैसे मोजा.

मोठ्या यंत्रांना पाणी लागते, यात संशय नाही. आयबीएम कंपनीने आपल्या बलाढ्य संगणकांत १९६० च्या दशकातच ते खेळविले होते. पुण्यास पाषाण येथील उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसला. ज्या पावसाकडे आपण डोळे लावून बसतो, त्याचे गणित तो करू लागला, आणि त्याची कपाटे थंड ठेवण्याचे काम पाण्याकडेच होते. तेथे पाण्याच्या नळ्या कपाटांच्या मधोमध, आणि प्रोसेसरवरून वाहे ती हवा. पुण्याच्याच ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ या यंत्रात द्रव थेट प्रोसेसरवर बसविलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत नेला आहे. पण अशा ठिकाणी राखणीला जाणती माणसे असतात. आपल्या घरी रात्री दोन वाजता नळीचा सांधा सैल झाला तर पाहणार कोण?

भीती कशाची, तेही नीट समजून घ्यावे. प्रोसेसरच्या भोवतीचा विद्युतदाब १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी असतो. तेवढ्याने माणसाला झटका बसत नाही. २३० व्होल्ट येतात ते वीजपुरवठ्याच्या पेटीत. म्हणून ती पेटी गळणाऱ्या सांध्याच्या सरळ खाली उघडी नसावी, आणि घरातील अर्थिंग खरोखरीचे असावे, नुसते तीन भोकांचे सॉकेट नव्हे. खरे नुकसान होते ते पैशाचे. थेंब ग्राफिक्स कार्डावर पडला की हजारो रुपयांचा माल क्षणात जातो. वीज गेली तर काय, असे काहीजण विचारतात. काही होत नाही. पंप थांबतो, पण उष्णता निर्माण होणेही त्याच क्षणी थांबते.

आमच्या स्वतःच्या घरचे उदाहरण सांगतो. भाच्याने सुटे भाग जमवून नळ्या-टाकीची मांडणी स्वहस्ते केली. उन्हाळ्यात टाकीतील पातळी थोडी उतरली, तेव्हा त्याने निःशंकपणे बोअरचे पाणी ओतले. आपल्याकडील काळ्या खडकातले ते पाणी किती जड, हे बंबाच्या तळाशी बसणारा पांढरा थर सांगतोच. प्रोसेसरवरील तांब्याच्या पट्टीत केसासारख्या बारीक खाचा असतात. त्या सहा महिन्यांत बुजल्या. शिवाय रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि पट्टी तांब्याची. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. ते छिद्र पडेपर्यंत थांबले नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरे, पण गंज व शेवाळ रोखणारे द्रव्य त्यात नसते. आणि त्याच दुकानात शेजारीच अ‍ॅसिडची बाटली असते, हेही विसरू नये.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास, सेवा केंद्रातील अर्ज, यांसाठी हवेवर चालणारा धातूचा कूलर व चांगला पंखा पुरेसा आहे. त्यात गळण्यासारखे काही नाही. एक सूचना मात्र करतो. मोठे कूलर किलोभर वजनाचे असतात, पुण्याहून एस.टी.ने यंत्र आणताना पेटी आडवी ठेवावी, नाहीतर धक्क्याने आतली पट्टी वाकते. ज्याला चित्रफितींचे संकलन किंवा तत्सम जड काम तासन्‌तास करावयाचे आहे, त्याने कारखान्यातच भरून सीलबंद केलेला संच घ्यावा. गळतीने इतर भागांचे नुकसान झाल्यास कंपनी ते भरून देते काय, हे हमीपत्रात वाचून मगच पैसे द्यावेत. रेडिएटर पेटीच्या छताला लावावा. हवा नेहमी वर चढते. पंप सर्वांत उंच राहिला तर ती पंपात साठते, तो खरखरतो आणि लवकर मरतो. रबरी नळीतूनही द्रव वर्षानुवर्षे कणाकणाने झिरपून जातो, तेव्हा पाच-सहा वर्षांनी असा संच बदलणेच बरे. आणि घरातला वाळ्याचा कूलर संगणकाकडे तोंड करून ठेवू नये. दमट वारा व त्याबरोबर येणारे क्षाराचे तुषार धातूच्या पापुद्र्यांवर बसतात.

एवढे सांगूनही ज्यांचा स्वतः नळ्या जोडण्याचा हट्ट राहीलच, त्यांनी प्रथम इतर कोणत्याही भागाला वीज न देता फक्त पंप चोवीस तास चालवावा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टीपकागद ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा जरी डाग दिसला, तरी सांधा उकलून पुन्हा बसवावा, आणि कागद बदलून आणखी चोवीस तास मोजावेत. चालू यंत्रात गळती आढळली तर भिंतीवरचे बटण बंद करून आधी प्लग काढावा. ‘चालते का पाहू’ म्हणून यंत्र लगेच सुरू करू नये. भाग सुटे करून, कापडाने टिपून, चार दिवस पंख्याखाली वाळू द्यावेत.