दर दोन तासांनी

शुश्रूषा केंद्र बघायला गेलेले नातेवाईक आधी खोली बघतात, मग बाथरूम, मग महिन्याचा खर्च विचारतात. अनुभवी सिस्टर मात्र रुग्णाला हळूच कुशीवर वळवते आणि त्याचं माकडहाड बघते. तिथं लाल डाग असेल तर त्यावर बोट दाबते. बोट उचलल्यावर कातडी क्षणभर पांढरी पडली, तर अजून वेळ गेलेली नाही. लाली तशीच राहिली, तर जखम सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथं हाताला ऊन किंवा घट्ट लागतं का, ते बघावं लागतं. सेवा कशी आहे, याचं खरं प्रगतिपुस्तक रुग्णाच्या पाठीवर असतं.

हे ज्ञान जिथं वर्षानुवर्षं वापरात आहे, अशी एक संस्था निगडीकरांच्या रस्त्यावरच आहे. भक्ती-शक्ती चौकातून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं निघालं, की आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी मागे टाकून मुळेच्या पलीकडे खडकी लागते. तिथं सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतर, 1974 मध्ये ते उभं राहिलं. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेले जवान इथं राहतात. खडकीच्याच लष्करी रुग्णालयात मज्जारज्जूच्या इजांवर उपचार होतात. उपचार संपल्यावर उरलेलं आयुष्य कसं जगायचं, हा प्रश्न हे केंद्र हाती घेतं. इथले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हातही गेले, त्यांच्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात.

पण खेळ आणि चित्रं नंतरची. आधी कातडी सांभाळावी लागते. आपण झोपेत नकळत कूस बदलतो, कारण दबलेला भाग दुखतो. मज्जारज्जू तुटलेल्याला ते दुखणं कळतच नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, रक्त पोचत नाही, मांस मरतं. हेच बेडसोअर. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दोघांनी चादरीला धरून उचलायचं, फरफटवायचं नाही. गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, टाचा गादीपासून अधांतरी. व्हीलचेअरवर बसणाऱ्यानं थोड्या थोड्या वेळानं दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं आणि रोज आरशात स्वतःची पाठ बघायची. लघवीच्या नळीची स्वच्छता आणि शौचाची ठरलेली वेळ, हेही तितक्याच काटेकोरपणे.

ही शिस्त लुडविग गुटमान या डॉक्टरांनी 1944 पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात घालून दिली. त्याआधी असे बहुतेक रुग्ण या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं दगावत. माणसं जगायला लागली, तेव्हा गुटमान यांनी त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले. 29 जुलै 1948 रोजी तिथं 16 जखमी सैनिकांची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचा उगम तोच.

त्या धाग्याचं एक टोक आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचारांचा भाग म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पुढं त्यांनी इथल्याच टेल्कोत नोकरी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जवानामागे फौज उभी असते. चाकण-तळवडेच्या कारखान्यात उंचावरून पडलेल्या कामगारामागे, दुचाकीवरून घसरलेल्या पोरामागे किंवा अर्धांगवायू झालेल्या आजोबांमागे कोण असतं? डिस्चार्जचा कागद मिळतो, घरात दोन खोल्या, आणि नर्सिंग ब्युरोची मावशी बारा तासांनी घरी जाते. मग शुश्रूषा केंद्राचा शोध सुरू होतो. महाराष्ट्रात 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे आणि 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सनद जरूर बघा. पण तेवढ्यावर थांबू नका.

कूस बदलल्याची नोंदवही मागा. किती जणांना बेडसोअर आहेत आणि ते इथं आल्यावर झाले का, हे विचारा. फिजिओ आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना काय शिकवतात, हेही विचारा. एकदा न सांगता संध्याकाळी उशिरा जाऊन या. आणि शेवटी एकच प्रश्न करा: रात्री दोन वाजता माझ्या माणसाची कूस कोण बदलणार? जिथं या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळेल, तिथंच आपलं माणूस ठेवा.