छातीतली गाठ लहान असतानाच दाखवा, ऑपरेशनही लहान होते

स्तनाचा कर्करोग म्हटले की आपल्या घरांत एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते: आता पूर्ण स्तन काढणार. या भीतीने आणि शरमेने नांदगाव खंडेश्वरसारख्या गावांत आपल्या आया-बहिणी गाठ महिनोन्‌महिने लपवतात. "दुखत नाही ना, मग चरबीची असन," म्हणून विषय संपतो. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आणि ती लहान असताना सापडली तर पुष्कळदा स्तन वाचवता येतो.

पूर्वी स्तनासोबत छातीचे स्नायूही काढत. इटलीतील मिलान शहरात डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर अभ्यास केला. सगळ्यांची गाठ दोन सेंटीमीटरपर्यंतचीच होती. काहींचे मोठे ऑपरेशन झाले, काहींचा गाठीचा भाग काढून रेडिएशन, म्हणजे शेक, दिले. वीस वर्षांनंतरचा निकाल २००२ साली आला: दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच जगल्या.

आता काखेतही कमी चिरफाड होते. पूर्वी तिथल्या बहुतेक ग्रंथी काढत, त्यामुळे पुढे हात सुजायचा. आता निळा रंग टोचून कर्करोग सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचतो ती शोधतात. ती साफ निघाली तर बाकीच्या तशाच राहू देतात.

मात्र दोन गोष्टी समजून घ्याव्यात. स्तन वाचवला तर शेक बहुतेकींना घ्यावेच लागतात, साधारण तीन ते पाच आठवडे. ते अर्धवट सोडू नयेत. आणि गाठ मोठी असेल किंवा स्तनात अनेक ठिकाणी असेल तर पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरू शकते. काही वेळा आधी औषधांनी गाठ लहान करून मग ऑपरेशन करतात. सुईने तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे.

गाठ लवकर सापडायला महागडे मशीनच लागते असेही नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हातांनी तपासत. २०२१ साली निकाल आला, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले.

हया आपल्याला प्यारी आहे, पण इलाजासाठी तपासू देण्याची मुभा शरीअतनेही दिली आहे. लेडी डॉक्टर मागा, सोबत बहीण किंवा मुलगी न्या. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधील आरोग्यमित्राला भेटा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे.

गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढलेले स्तनाग्र किंवा कातडीवर खळगा, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्यावरच कळते. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे. अम्मी किंवा बायको संकोचाने बोलत नसेल, तर "चल, दाखवून येऊ" हे आपणच म्हणायला हवे.