आधी व्होल्ट मोजा
पुण्यातली तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, 'यूएसबीएएसपी' हा बोटभर प्रोग्रामर सहज मिळतो. थॉमस फिशल यांनी त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवल्यामुळे बाजारात त्याच्या चिकार नकला आहेत. लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये उतरवायचा, हे त्याचं काम. प्रोजेक्ट जमा करायची तारीख तोंडावर येते आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर ओळ उमटते : 'टार्गेट डझन्ट आन्सर'.

चिप उत्तर देत नाही, एवढंच सॉफ्टवेअरला कळतं. का देत नाही, ते त्याला सांगता येत नाही. मग मुलं ड्रायव्हर बदलतात, केबल बदलतात, शेवटी चांगली चिप काढून नवी आणतात. पुष्कळदा दोष असतो सप्लायमध्ये, आणि तो मल्टिमीटरनं दोन मिनिटांत सापडण्यासारखा असतो.

मोजायचं मात्र थेट चिपच्या पायांवर. एटीमेगा ३२८पी या २८ पायांच्या चिपमध्ये ७ आणि ८ या पायांवर, तसंच २० आणि २२ वर व्होल्टेज मिळायला हवं. दुसरी जोडी हमखास राहून जाते. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी अनेकदा मधोमध तुटलेली असते. एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे सप्लायची तार निघालेली असूनही चिप अर्धवट चालू राहते. प्रोग्रामरच्या सिग्नलच्या तारांतून, चिपमधल्या संरक्षक डायोडमार्गे तिला थोडी वीज मिळत राहते. एकदा उत्तर येतं, पुढच्या वेळी येत नाही, आणि माणूस चक्रावून जातो.

वीज नेमकी कोण देणार, हे आधीच ठरवावं लागतं. 'एव्हीआरआयएसपी मार्क टू' हा प्रोग्रामर बोर्डाला वीज देतच नाही, बोर्डावरचं व्होल्टेज फक्त तपासतो. 'पिककिट ३' देतो, पण साधारण ३० मिलिअँपिअरपर्यंतच. दोन-चार एलईडी आणि एखादा डिस्प्ले जोडला की तो दमतो. बोर्डाला स्वतःचा अॅडाप्टर असेल तर प्रोग्रामरची सप्लायची तार काढून ठेवावी, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांवर चढतात. ग्राउंड मात्र दोघांचं एकच हवं. ते सुटलं तर बाकीच्या तारा कितीही नीट जोडल्या तरी उपयोग नाही.

सर्व्हो मोटर लावली की वेगळीच अडचण उभी राहते. यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, आणि छोटी सर्व्हो अडकली तरी शेकड्यांत करंट ओढते. व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि चिप रीसेट होते. ही क्षणिक घसरण साध्या मल्टिमीटरवर दिसतही नाही. म्हणून प्रोग्राम टाकताना मोटर सोडवून ठेवावी. शिवाय चिपच्या सप्लायच्या पायांना अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

३.३ व्होल्टच्या बोर्डाला तर जास्तच जपायला हवं. यूएसबीएएसपीवरचा जंपर ३.३ वर सरकवला की काम झालं, असं वाटतं. पण अनेक स्वस्त नकलांमध्ये फक्त सप्लाय बदलतो, सिग्नल ५ व्होल्टचेच राहतात. त्याच तारांवर एसडी कार्ड असेल, तर त्याची मर्यादा ३.६ व्होल्टची आहे. तिथे मध्ये लेव्हल कन्व्हर्टर घालावा, किंवा निदान कार्ड काढून मगच प्रोग्रामर जोडावा.