ऑफ रोड हेल्मेट आणि डांबरी रस्ता : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : शिरस्त्राण, ऑफ रोड हेल्मेट, वायुदाब, रस्ता सुरक्षा, भारतीय मानक

प्रस्तावना

कोल्हापूर परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर सकाळी नजर टाकली असता एका विशिष्ट घडणीचे हेल्मेट हमखास दृष्टीस पडते. कपाळावर टोपीसारखा पुढे आलेला छज्जा आणि हनुवटीपाशी चोचीसारखा निमुळता झालेला भाग ही त्याची ओळख होय. बाजारात ते ‘ऑफ रोड’ या नावाने परिचित आहे. शेजारच्या बेळगावातील वेगा ही हेल्मेट उत्पादक कंपनी तर ‘ऑफ रोड’ याच नावाने असे हेल्मेट विकते. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’, २०१९ मध्ये हिरोची ‘एक्सपल्स २००’ आणि २०२० मध्ये ‘केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर’ या गाड्या बाजारात आल्या आणि साहसी भटकंतीसोबत या हेल्मेटचे आकर्षणही वाढले.

मात्र हे हेल्मेट वापरणारे बहुसंख्य तरुण कच्च्या वाटेवर क्वचितच जातात. त्यांचा रोजचा प्रवास डांबरी रस्त्यावरचाच असतो. मातीसाठी घडलेले शिरस्त्राण डांबरी रस्त्यावर कितपत उपयुक्त ठरते, त्याच्या मर्यादा कोणत्या व त्या कशा सांभाळाव्यात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिरस्त्राणाचे मूळ प्रयोजन

दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाचा शास्त्रीय विचार फार जुना नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांपैकी मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाची उपयुक्तता दाखवून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

हेल्मेटचे कार्य दोन स्तरांवर चालते. बाहेरचे कठीण कवच आघात विस्तृत भागावर पसरवते, तर आतला थर, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो, तो दबून आघाताचा काळ किंचित लांबवतो. डोके थांबण्यास लागणारा वेळ जितका वाढेल तितका मेंदूवरील ताण कमी होतो. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही, म्हणून मोठा आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

मातीसाठी घडलेली रचना

मोटोक्रॉस या क्रीडाप्रकाराचा उगम १९२४ मध्ये इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीत मानला जातो. खडबडीत मार्गावर वेग तुलनेने कमी आणि शारीरिक श्रम मात्र अधिक असतात. स्वार बहुधा उभ्याने गाडी चालवतो व धापा टाकत असतो. त्याला हवा मिळावी म्हणून हनुवटीचा भाग पुढे काढलेला व झरोके मोठे ठेवलेले असतात. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेला चिखल व समोरचे ऊन अडवणे हे छज्जाचे काम. अस्सल मोटोक्रॉस हेल्मेटला काच नसते. डोळ्यांसाठी वेगळा गॉगल वापरतात. काच आणि छज्जा दोन्ही असलेले ‘अ‍ॅडव्हेंचर’ हेल्मेट हा त्यावरील मध्यममार्ग होय.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट कुस्तीच्या दृष्टांताने चटकन उमगेल. मातीत अनवाणी उतरणारा मल्ल गादीवर उतरताना बूट घालतो. मल्ल तोच, ताकदही तीच. पायाखालचे बदलले की साज बदलावा लागतो.

डांबरी रस्त्यावरील अडचणी

पहिली अडचण वायुदाबाची. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. समजा, छज्जाचा १५० चौरस सेंटिमीटर भाग वाऱ्याला सामोरा आला. ताशी ४० किलोमीटर वेगाला त्यावर सुमारे ११५ ग्रॅम वजनाइतका, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला सुमारे ४५० ग्रॅम वजनाइतका जोर पडेल. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी हीच ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. मान सरळ व नजर समोर असताना छज्जा वाऱ्याला कापत जातो व त्रास कमी होतो. तथापि मान वर झाली, मागचे वाहन पाहण्यासाठी वळवली किंवा मालमोटारीमागील वाऱ्याच्या भोवऱ्यात गाडी सापडली, की छज्जा शिडासारखा भरतो आणि हेल्मेट वर किंवा बाजूला ओढले जाते. छज्जा डोक्याच्या पुढे असल्याने तरफेच्या नियमानुसार त्याचा भार मानेवर अधिक जाणवतो.

दुसरी अडचण आवाजाची. छज्जा व झरोके यांमुळे वाऱ्याचा घोंगाट वाढतो. दीर्घ प्रवासात त्याने थकवा येतो व मागील वाहनाचा भोंगा ऐकू येईनासा होतो. तिसरी अडचण डोळ्यांची. काच नसलेले हेल्मेट गॉगलविना वापरले, तर धूळ, किडे आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून उडणारे पाचट थेट डोळ्यांत जाते. याउलट रंगीत गॉगल रात्रीही तसाच ठेवला, तर दिवे नसलेली ट्रॉली वेळेत दिसत नाही.

चौथी बाब अधिक गंभीर आहे. पडल्यावर छज्जा जमिनीत अडकला तर डोक्याला पीळ बसू शकतो. म्हणून चांगल्या हेल्मेटमध्ये तो प्लॅस्टिकच्या स्क्रूवर बसवतात. आघातासरशी तो निखळून पडावा ही त्यामागील योजना असते. सैल झालेला स्क्रू काढून त्याजागी लोखंडी स्क्रू बसवणे म्हणजे ही योजनाच निकामी करणे होय.

अनुकूल बाजू

या हेल्मेटला सरसकट दोष देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. गगनबावड्याहून शिक्षणासाठी कोल्हापूरला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर सकाळी पूर्वेचे आणि परतताना पश्चिमेचे ऊन येते. त्याला छज्जाची सावली खरोखर उपयोगी पडते. पावसाळ्यात हनुवटीपुढील मोकळ्या जागेमुळे काचेवर वाफ कमी धरते. घाटात किंवा मसाई पठाराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर वेग बेताचा असतो, तेथे वायुदाबाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शिवाय अर्ध्या हेल्मेटमध्ये उघडा राहणारा जबडा येथे झाकलेला असतो.

कायदा व प्रमाणन

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार भारतीय मानकांशी सुसंगत शिरस्त्राण पट्ट्याने नीट बांधून वापरणे बंधनकारक आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट बनवण्यास व विकण्यास मनाई आहे. यासाठीचे मानक ‘आयएस ४१५१’ होय. त्यामुळे आयएसआय चिन्ह असलेले ऑफ रोड घडणीचे हेल्मेट रस्त्यावर वापरणे कायदेशीरच आहे. ज्यावर हे चिन्ह नाही, ते केवळ आकाराने हेल्मेट आहे.

गैरसोय हाही सुरक्षिततेचा प्रश्न

येथे स्वानुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने अशाच घडणीचे हेल्मेट घालून बेळगावच्या एका चर्चासत्रासाठी दुचाकीने प्रवास केला. कागल मागे पडेपर्यंत मान अवघडली. निपाणीला चहासाठी थांबल्यावर हेल्मेट आरशाला अडकवले आणि पुढचा काही प्रवास ते तसेच लटकत राहिले. वर्गात रस्ता सुरक्षेवर बोलणाऱ्या शिक्षकाचे हे वर्तन होते. सुदैवाने काही अघटित घडले नाही, परंतु एक गोष्ट ध्यानी आली. हेल्मेट गैरसोयीचे झाले की स्वार ते डोक्यावरून उतरवतो किंवा पट्टा सैल सोडतो. मानेचा त्रास ही किरकोळ तक्रार नव्हे. हेल्मेट डोक्यावर राहील की आरशावर, हे तीच ठरवते. विद्यार्थी केवळ प्रवेशद्वारापाशी हेल्मेट चढवतात तेव्हा त्यांना बेफिकीर म्हणण्यापूर्वी, त्यांचे हेल्मेट त्यांच्या रस्त्याला साजेसे आहे काय, हेही विचारले पाहिजे.

वापरासंबंधी काही सूचना

१) प्रथम आयएसआय चिन्ह, नंतर माप आणि शेवटी घडण पाहावी. पट्टा बांधून हेल्मेट हलवले असता गालांची कातडी सोबत हलली पाहिजे.
२) महामार्गावरील लांबच्या प्रवासात, उत्पादकाने तशी सोय दिली असल्यास, छज्जा काढून ठेवावा.
३) छज्जा मूळ स्क्रूवरच बसवावा.
४) गॉगल वापरत असल्यास रात्रीसाठी स्वच्छ काचेचा ठेवावा.
५) मोठा आघात झाल्यास हेल्मेट त्वरित बदलावे, एरवीही सुमारे पाच वर्षांनी ते बदलण्याची शिफारस अमेरिकेतील स्नेल प्रतिष्ठान करते.
६) रोजचा प्रवास महामार्गाचाच असेल, तर छज्जाविरहित पूर्ण हेल्मेट अधिक श्रेयस्कर होय.

निष्कर्ष

ऑफ रोड हेल्मेट डांबरी रस्त्यावर वर्ज्य नाही, परंतु त्याची रचना वेगळ्या वेगासाठी व वेगळ्या भूमीसाठी झालेली आहे. शहरात, घाटात व कच्च्या वाटेवर ते चांगली साथ देते. महामार्गाच्या वेगात त्याचा छज्जा मानेला जड जातो. म्हणून निवड रस्ता पाहून व्हावी, गाडीची ऐट पाहून नव्हे. रस्ता सुरक्षा सप्ताहात आपण विद्यार्थ्यांना हेल्मेट वापरा असे सांगतो. ‘कोणते, कोठे व कसे’ एवढी जोड त्या सांगण्याला दिली, तर वाहनतळावरील आरशांना लटकणाऱ्या हेल्मेटपैकी काही तरी डोक्यांवर जातील, अशी आशा करता येईल.