मेमरीने वेळ कधी पाळावी?

मागच्या लेखात डीरॅमच्या पेशीतला विद्युतभार कसा गळतो आणि तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा का भरावा लागतो, हे पाहिले. तो खर्च चुकत नाही. वेळ पाळण्याचा खर्च मात्र बराचसा चुकवता येतो. मोबाइलच्या मेमरीने तो कसा चुकवला हे पाहू लागलो की कळते, इथली खरी बचत क्लॉक आणखी अचूक करून झालेली नाही. अचूकता कोणी सांभाळायची आणि किती वेळ, हे नव्याने ठरवल्यामुळे ती झाली.

क्लॉकच्या सिग्नलमध्ये स्वतःची अशी माहिती नसते. तो फक्त ‘आता’ एवढेच सांगतो. तरीही प्रत्येक स्पंदाला चिपभर पसरलेल्या तारांची धारकता भरायची आणि रिकामी करायची असते. त्यासाठी लागणारी शक्ती धारकता, वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्होल्टेज उतरवणे हा पहिला उपाय ठरला. २००० सालच्या डीडीआर मेमरीच्या मानकात २.५ व्होल्ट होते, २०२० च्या डीडीआर५ मध्ये १.१. वर्गाच्या हिशेबाने ही पाचपट बचत. पण तेवढ्या काळात एका तारेवरचा डेटा सेकंदाला २६६ मेगाबिटांवरून ६४०० मेगाबिटांपर्यंत, म्हणजे चोवीसपट गेला. व्होल्टेजने जे कमावले ते वेगाने केव्हाच उडवले.

वेगाबरोबर आणखी एक दुखणे आले. बाहेरून आलेला क्लॉक चिपच्या आतल्या बफरांमधून डेटा सोडणाऱ्या सर्किटपर्यंत पोहोचेस्तोवर उशीर होतो, आणि तो तापमान व व्होल्टेज यांप्रमाणे बदलतो. पीसीच्या डीडीआरने त्यासाठी चिपमध्येच डिले-लॉक्ड लूप, म्हणजे डीएलएल, बसवला. एकूण उशीर बरोबर पूर्ण चक्रांचा भरेल आणि डेटा क्लॉकच्या कडेशी जुळेल, इतका जादा उशीर तो मुद्दाम घालतो. उशिरावर उशिराचाच उतारा! कल्पना चतुर आहे, पण डेटा कोणी मागो न मागो, डीएलएलची ही जुळवाजुळव चालूच राहते. पूर्ण बंद केला तर तो पुन्हा जुळायला डीडीआर३ मध्ये ५१२ चक्रे लागतात, ८०० मेगाहर्ट्झला ६४० नॅनोसेकंद. मानकातही ही ओढाताण दिसते. पॉवर-डाउनमधून जागे होण्याचे तिथे दोन मार्ग आहेत: डीएलएल चालू ठेवला तर या वेगाला ६ नॅनोसेकंद, तात्पुरता थांबवला तर वाचनापूर्वी २४.

मोबाइलसाठीच्या एलपीडीडीआरने डीएलएल ठेवलाच नाही. परिणाम पहिल्या नजरेला भीतिदायक वाटतो. एलपीडीडीआर४ मध्ये क्लॉकच्या कडेनंतर डेटासोबतचा स्ट्रोब, म्हणजे बिट केव्हा टिपायचा ते सांगणारा सिग्नल, १.५ ते ३.५ नॅनोसेकंदांच्या दरम्यान केव्हाही येईल, एवढीच हमी असते. ३२०० मेगाबिटांच्या वेगाला एक बिट ३१२.५ पिकोसेकंद टिकतो. म्हणजे या अनिश्चिततेत सहा बिट मावतात. पण हा उशीर अज्ञात असला तरी चंचल नाही. एका चिपपुरता तो जवळपास ठरलेला असतो आणि तापमानाने फार तर अंशाला ४ पिकोसेकंद सरकतो. चाळीस अंशांच्या फरकाने अर्धा बिट सरकेल खरा, पण फोन तापायला सेकंद लागतात, नॅनोसेकंद नव्हेत. मग क्षणोक्षणी मोजायचे कशाला? मेमरीला आज्ञा देणाऱ्या कंट्रोलरने सुरुवातीला ओळखीचा नमुना वाचून उशीर मोजावा आणि मधूनमधून तपासावा, एवढे पुरते. व्होल्टेजचे हेलकावे झटपट येतात, हा आक्षेप खरा आहे. पण स्ट्रोब आणि डेटा बरोबरच निघतात, त्यामुळे सरकले तर दोन्ही सरकतात. बिट टिपायचा तो स्ट्रोबच्या आधाराने. कंट्रोलरला फक्त कान केव्हा उघडायचे ते ठाऊक असावे लागते.

ही बचत नाही, ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकले एवढेच, असेही म्हणता येईल. अंशतः ते मान्य करावे लागेल; कंट्रोलरमध्येही उशीर जुळवणारी सर्किटे लागतातच. मात्र डीरॅमची निर्मितीप्रक्रिया विद्युतभार साठवण्यासाठी घडवलेली असते, वेगवान ट्रान्झिस्टरसाठी नव्हे. कंट्रोलर प्रोसेसरच्याच चिपवर असतो आणि तिथे तेच काम स्वस्तात होते. शिवाय पुढचे वाचन केव्हा होणार हे आज्ञा देणाऱ्यालाच आधी कळते, मेमरीला नाही. सर्व्हरच्या डीडीआर५ ने डीएलएल सोडलेला नाही, यातही विसंगती नाही. तिथे चिपचे अनेक गट त्याच तारांवर पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाचा उशीर वेगळा असेल तर दोन पाळ्यांमधले अंतर वाढवावे लागेल. आणि वर्दळ अखंड असेल, तर थांबवण्याजोगा रिकामा वेळच फारसा मिळत नाही.

२०१९ च्या एलपीडीडीआर५ ने हाच विचार क्लॉकला लावला आणि त्याचे दोन केले. ६४०० मेगाबिटांच्या वेगाला आज्ञांसाठी ८०० मेगाहर्ट्झचा संथ क्लॉक, आणि डेटासाठी ३२०० मेगाहर्ट्झचा वेगळा, जो डेटा नसताना थांबतो. वाचनापूर्वी कंट्रोलर एक आज्ञा देतो, वेगवान क्लॉक सुरू होतो आणि संथ क्लॉकशी त्याचे नाते पक्के झाल्यावरच डेटा वाहू लागतो. या जुळणीला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक वाचनानंतर क्लॉक थांबवणे शहाणपणाचे नाही. सिग्नलला गाडीचे इंजिन बंद करताना किती सेकंद उरलेत ते आपण पाहतो, तसाच हिशेब इथे करावा लागतो. डेटाचा क्लॉक सतत चालू ठेवण्याची सोयही मानकात आहे. मात्र दोन वाचनांमध्ये किती वेळ वाट पाहून तो थांबवायचा, हे कंट्रोलर बनवणाऱ्याने ठरवायचे असते. पुढे येणाऱ्या मागण्यांचा अंदाज कंट्रोलर कशावरून बांधतो आणि तो चुकला तर किंमत कोण मोजते, ते पुढच्या आठवड्यात.